चौथी वाकळ

आदिलाबाद
४ ऑक्टोबर २०२४

अक्का,

तुला आणि भाऊजींना जयभीम. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेल्या निम्म्यासाठी मला ओरडावं लागतं. शेजाऱ्यांना वाटतं, घरात भांडण चाललंय. म्हणून कागद घेतला.

बातमी अशी की मोजणी ऑफिसच्या जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या मी एकदम उतरलो आणि पाय घोट्यात मोडला. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टर रोज एकच शब्द म्हणतो, ‘नडवोद्दु.’ चालू नका. रिटायर व्हायला काही महिने राहिलेत आणि रजा ढीगभर शिल्लक आहे, तेव्हा सगळीच टाकली. जुने मुन्शी रजेला रुखसत म्हणायचे. पस्तीस वर्षांत एवढी लांब रुखसत मी पहिल्यांदाच घेतली.

चार दिवसांत रश्मीची आई कंटाळली. म्हणाली, “घरात बसून माहं डोकं खाऊन राह्यले तुमी. हाताले काई काम घ्या ना!” आणि कपाटावरचं एक खोकं काढून माझ्यापुढे आदळलं.

रश्मी तिसरीत असताना तिला बाहुलीचं घर करून द्यायचं मी कबूल केलं होतं, आठवतं? त्याचं सामान त्या खोक्यात. वीस वर्षांची धूळ. आगपेट्यांचं कपाट, त्याला दार एकच. अर्धी विणलेली बाज. चिकणमातीची चूल, मधोमध भेगलेली. जातं झालंय, पण खुंटा राहिलाय. जे घेतलं ते अर्धवटच. रश्मी आता हैदराबादला नोकरी करते, तिची अर्पिता चार वर्षांची झाली. दोघी डिसेंबरअखेर येतील, तोवर पुरं करायचं ठरवलंय.

तेव्हा दोन मजली बंगला करणार होतो. आता जिन्याशी माझं वैर आहे. म्हणून आपलं भीमपूरचं घर करतो, मायचं. एक फुटाला एक इंच. बाबांनी नव्या घरकुलासाठी जुनं पाडलं तेव्हा टेप मीच धरली होती, डायरीत लिहून ठेवलंय. आतून नऊ फूट लांब, आठ फूट रुंद. भिंतींचं माप आहे, पण आत काय कुठं होतं ते धड आठवत नाही. मला फक्त शेळी आठवते. तू सगळं सांग.

तुझा,
भिवा


मंचेरियल
१० ऑक्टोबर २०२४

भिवा,

पाय मोडला हे वाचून जीव चरकला, पुढचं वाचून हसू आलं. पोरीला पोर झाली आणि बापानं बाहुलीचं घर काढलं. बैल गेला अन् झोपा केला, म्हणतात ते हेच. पण कर बाबा. हे म्हणतात, “त्याले सांग, खानीतल्या मानसाचा पाय मोडला त दोन महिन्यांत कामावर जाते. ऑफिसातल्याचा मोडला त घर बांधते!”

आता ऐक. दारातून आत शिरलं की उजव्या कोपऱ्यात चूल, आणि चुलीला लागून सरपण. कापसाच्या पऱ्हाट्याच जास्त, लाकूड कुठलं? जातं दाराजवळ, कारण उजेड तेवढाच. खिडकी करशील तर याद राख, खिडकी नव्हती. मागच्या भिंतीला कणगी आणि तिच्या बाजूला रांजण. डाव्या भिंतीला बाबाची बाज, बाजेखाली कोंबड्यांचं डालं. राहिलेल्या कोपऱ्यात शेळी. पावसाळ्यात तिची पिल्लंही आत यायची आणि बाबा म्हणायचा, “घर शेळीचं, आपन भाड्यानं राह्यतो.” मधल्या जागेत माय, तुला कुशीत घेऊन.

भिंती कुडाच्या होत्या, वरून शेणमातीनं लिंपलेल्या. छपरावर कवेलू साधी. चुलीच्या वर मायनं एक फळी ठोकली होती, तिच्यावर तिखटाचं गाडगं आणि तुझी पाटी. ती फळी विसरू नकोस, मायला तिचा फार अभिमान.

मी चाळीस वर्षं बालवाडीत पोरांना मातीची भांडी करायला लावली, पण स्वतःसाठी एक बोळकं केलं नाही. तुझा हेवा वाटतो. प्रितम म्हणतो, मामाला सांग, झालं की फोटो पाठव. फोटो नको. मी येऊन बघेन.

अक्का


आदिलाबाद
२१ ऑक्टोबर २०२४

अक्का,

तुझ्या पत्राचा नकाशाच करून टाकला. लाल शाईनं चूल, निळ्यानं रांजण. रश्मीची आई म्हणाली, आता मोहर तेवढी मारा.

कूड कशाचा करायचा, हा प्रश्न होता. आपण लहानपणी ज्वारीचे धांडे सोलून, आतल्या गाभ्याच्या बैलगाड्या करायचो आणि खिळ्यांऐवजी बाभळीचे काटे टोचायचो, तीच रीत धरली. पण आता धांडे मिळायला हवेत ना! जिकडे बघावं तिकडे कापूस आणि सोयाबीन. शेवटी भीमपूरच्या यशवंतराव पाटलांच्या राजकुमारला फोन केला. तो खाण्यापुरती दोन ओळी ज्वारी लावतो. त्यानं मागच्या सालचा एक भारा आणून टाकला. तीन दिवस बसून चारी भिंती उभ्या केल्या आणि उन्हात ठेवल्या. दुपारी डोळा लागला. उठून बघतो तर शेजारची शेळी मागची भिंत खाऊन बाजूची चघळत होती. बाबाचं म्हणणं खरं होतं, घर शेळीचंच. पुन्हा केल्या. या वेळी लगेच लिंपून घेतल्या.

कवेलू रिफिलीवर माती वळून केली, दोनशे चाळीस. छप्पर उचलता येतं, म्हणजे वरून सगळं घर दिसतं. बाज विणून झाली, जात्याला खुंटा बसला. रश्मीच्या आईनंही अंग मोडून काम केलंय. तिनं चिंध्यांच्या चार बाहुल्या केल्या आणि जुन्या लुगड्याच्या काठाच्या चार वाकळी शिवल्या, बोटभर टाक्यांच्या. प्रत्येकाला अंथरायला एकेक.

आता अडचण सांगतो. बाबाची वाकळ बाजेवर, मायची मधे, माझी लहानगी तिला चिकटून. तुझी कुठं? दाराशी टाकली तर दार उघडत नाही. चुलीकडे सरपण आहे. बाजेखाली कोंबड्या. शेळीकडे टाकली तर शेळीच वाकळीवर बसते. दोन दिवस सगळं सामान फिरवून फिरवून बघतोय. चौथी वाकळ बसत नाही, अक्का. आपण चौघं त्या घरात झोपत होतो, मग माझं काय चुकतंय? तू कुठं झोपायचीस, तेवढं कळव. काम तिथंच अडलंय.

भिवा


मंचेरियल
२५ ऑक्टोबर २०२४

भिवा,

अरे, बाहुलीचं घर आहे ते, जमिनीची मोजणी नाही. मागची भिंत हातभर वाढव, शेळीला जरा सरकव, बसेल सगळं. कोण टेप घेऊन येणार आहे? मी चुलीपाशी झोपायची, असं समज.

इथं दिवाळीची साफसफाई चाललीय. यांच्या गुडघ्याला तेल लावून माझे हात दुखतात. प्रितमच्या बायकोनं या वर्षी चकल्या माझ्याकडून शिकायच्या ठरवल्यात आणि मी अजून एकही मोडू दिली नाही.

भिंत वाढव आणि मोकळा हो. पुन्हा हे विचारू नकोस.

अक्का


आदिलाबाद
१४ नोव्हेंबर २०२४

अक्का,

तुझं ऐकून मागची भिंत कापली. दीड इंच वाढवायची म्हणजे प्रमाणात हातभर झाली असती. कुडाचा तुकडाही तयार केला. पण लावताना हात होईना. पस्तीस वर्षं मी लोकांना बजावलं, बांध कोरू नका, कागदावर आहे तेवढंच तुमचं. आणि आता मायच्या घराचा बांध मीच सरकवू? चुलीपाशी म्हणालीस, तर तिथं वाकळ सरपणावर चढते. त्यातून तू ‘समज’ असं लिहिलंस. ‘झोपायची’ एवढ्यावर थांबली असतीस तर मी मानलंही असतं.

आठ तारखेला प्लास्टर निघालं. परवा राजकुमार काही कामानं आदिलाबादला आला होता, त्याच्याच गाडीतून भीमपूरला गेलो. म्हटलं, घराच्या जागेवर उभं राहिलं की काहीतरी आठवेल. काही आठवलं नाही. मग पाटलांकडे चहाला गेलो. यशवंतराव गेल्यापासून राजकुमारची आई मालनबाई ओसरीवरच बसून असतात. सत्त्याहत्तरी आली, पण नजर अजून ताठ. मी सगळं घर त्यांना तोंडानं वर्णन करून सांगितलं, चूल, कणगी, शेळी. मग हसत हसत म्हणालो, “काकी, आमच्या अक्काची वाकळच मावून नाई राह्यली घरात.”

त्या म्हणाल्या, “मावंल कशी? रुखमी कुठी झोपे तुमच्या घरात? ते त आमच्या कापसाच्या खोलीत झोपे. तू झाला तवापासून, तिचं लगन होवोस्तोर.” मग माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावला. “आता वं माय! तुले ठाऊक नाई? काऊन नाई सांगितलं कोनं?”

अक्का, मी साठ वर्षांचा आहे. तू लग्न होऊन गेलीस तेव्हा मी सहाचा होतो. म्हणजे सहा वर्षं रोज दिवेलागणीनंतर तू दुसऱ्याच्या दारी जात होतीस आणि मी मायच्या कुशीत पाय पसरून झोपत होतो. नऊ वर्षांची पोर पाटलाचा कापूस राखत होती. माझ्यामुळे. मला रोज सकाळी तू घरातच दिसायचीस, माझी वाकळ घडी करताना. मी काय समजायचं?

तू मला फसवलंस असं म्हणत नाही. पण राग आलाय, आणि तो कोणावर काढू ते कळत नाही. घर खोक्यात भरून परत कपाटावर ठेवलं. मला आता ते पुरं करायचं नाही.

भिवा


मंचेरियल
२० नोव्हेंबर २०२४

भिवा, माझ्या बाळा,

मालनबाई वयानं पिकली, पण पोटात काही राहत नाही तिच्या. बरं झालं. आता मीच सांगते, नीट बसून वाच.

तू झालास तो पावसाळा फार लांबला. शेळी व्यालेली, छप्पर एका कोपऱ्यात गळायचं आणि बाळंतिणीला कोरडी जागा हवी. मी तोवर मायजवळ झोपायची. तू आलास आणि जागा संपली. उन्हाळा असता तर आपण सगळे अंगणात झोपलो असतो. उन्हाळ्यात मी अंगणात असायचेच, म्हणून तुला कधी संशय आला नाही. मायनं पाटलीणबाईला, म्हणजे मालनच्या सासूला, विचारलं. तिनं कबूल केलं. कापूस आला की राखणही होईल, असं तिचं गणित. अट अशी की मागच्या दारानं यायचं, मागच्या दारानंच जायचं आणि ओसरीला पाय लावायचा नाही. ती अट मला आजही टोचते, ते खोटं सांगणार नाही.

पण भिवा, पुढचं ऐक. पहिल्या दिवशी मी रडले. दुसऱ्या दिवशी हात पसरून पाहिले. दोन्ही हात, पूर्ण. कशालाच लागले नाहीत! आपल्या घरात कोणाला दोन्ही हात पसरता यायचे? बाबालाही नाही. आणि कार्तिकात कापूस आला की ती खोली छताला लागायची. त्यात शिरून बसलं की थंडी कुठली? गावातलं सगळ्यात ऊबदार अंथरूण माझं होतं. पाटलीण स्वतः घोंगडीवर कुडकुडायची.

आणि मालन. तेव्हा ती सतरा वर्षांची नवी सून. दिवे लागले की सासूची नजर चुकवून कापसाच्या खोलीत यायची. मी चौथीत गेलेली, तिला अक्षर ओळखू येत नव्हतं. मी कोळशानं भिंतीवर ‘म’ काढला, तिचा हात धरून गिरवून घेतला. सासू ओसरीला पाय लावू देत नव्हती आणि सून माझा हात धरून बसायची. पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं तेव्हा ती एवढी हसली की तिला मीच तोंड दाबायला लावलं. लोक म्हणतात, मी बालवाडीत लागले तेव्हा शिकवायला लागले. नाही रे. मी तिथंच मास्तरीण झाले.

तेव्हा माझी कीव करू नकोस. मला ते आवडत नाही.

मग तुला का सांगितलं नाही? मायसाठी. मी पहाटे परत यायची तेव्हा ती दारातच उभी असायची. रोज. तू उठायच्या आत मला घरात घ्यायची आणि तुझी वाकळ माझ्या हातात द्यायची, घडी करायला, म्हणजे तुला वाटावं मी इथंच होते. एकदा म्हणाली, “माह्या घरात माही लेक मावली नाई, हे कोनाले सांगू नको वं.” मी शपथ घेतली. तिला गरिबीची लाज नव्हती, भिवा. या एका गोष्टीची होती. मरेपर्यंत होती.

आणि आता तू तिचं घर बांधतोस, तेही मापानं! तुझं पत्र आलं, चौथी वाकळ बसत नाही म्हणून, तेव्हा मी पदरात तोंड घालून रडले. साठ वर्षं झाकलेलं तू एका टेपनं उघडं केलंस. म्हणून म्हटलं भिंत हातभर वाढव. निदान बाहुलीच्या घरात तरी मायला खाली बघावं लागू नये. दुसरं काही नव्हतं माझ्या मनात.

आता तुला सगळं माहीत आहे. वाढवायची तर वाढव, नाही तर नको. तुझ्या हातातलं घर आहे. पण खोक्यात ठेवू नकोस. तुझी दोनशे चाळीस कवेलू बघायला मी येणार आहे.

अक्का


आदिलाबाद
२९ डिसेंबर २०२४

अक्का,

महिनाभर पत्र नाही, म्हणून रागावली असशील. काम चाललं होतं.

तुझं पत्र रश्मीच्या आईला वाचून दाखवलं. तिनं स्टूल ओढलं, खोकं खाली काढलं आणि छप्पर उचलून बाजूला ठेवलं. मग मी बसलो. भिंत वाढवली नाही, कापली होती तिथंच परत जोडली. मायची माफी मागितली आणि घर नऊ बाय आठच ठेवलं. पण घराखालची फळी मोठी घेतली आणि मायच्या घराशेजारी पाटलांची कापसाची खोली बांधली. ती खोली अजून उभी आहे, राजकुमार तिथं खताची पोती ठेवतो. मी जाऊन मोजून आलो. चौदा बाय बारा. आपल्या घरापेक्षा मोठी, अक्का! मागचं दार केलं. मोजणीत समोरच्या भिंतीला ओसरीकडे उघडणारं दुसरं दारही सापडलं, ते मी मुद्दाम उघडं ठेवलं.

राजकुमारच्या पहिल्या वेच्याचा कापूस पिशवीभर आणला, सरकी काढून खोली भरली. कोळशाच्या अक्षरांची भिंत तेवढी राहिली होती. ती अक्षरं मला काढवेनात. शेवटी ती भिंत कागदात गुंडाळून भीमपूरला नेली आणि मालनबाईंच्या मांडीवर ठेवली. त्यांनी राजकुमारच्या बायकोकडून चुलीतला कोळसा मागवला. हात कोणाला धरू दिला नाही. ‘मालन’ लिहिलं. अक्षरं एवढी मोठी आली की भिंत पुरली नाही, ‘न’ कोपऱ्यावरून खाली उतरला. प्रमाणात बघितलं तर एकेक अक्षर तीन हातांचं होतं. सगळं माप बिघडलं. त्या म्हणाल्या, “रुखमीले सांग, इसरली नाई म्या.”

परवा रश्मी आणि अर्पिता आल्या. रश्मीनं घर बघितलं आणि मला म्हणाली, “बाबा, वीस वर्षं लागली, पण चांगलं झालं.” मग ती बराच वेळ चुलीवरच्या फळीकडे बघत बसली. मी तिला सगळं सांगितलं. अर्पिताला काही सांगितलं नाही, ती लहान आहे. तिनं आधी शेळीला बाजेवर निजवलं. मग सगळ्या बाहुल्या मांडल्या, जेवायला घातल्या, भांडी घासली. संध्याकाळी मी बघतो तर मायचं घर रिकामं. चारही वाकळी कापसाच्या खोलीत अंथरलेल्या. बाबा, माय, तू, मी, ओळीनं, आणि वरून कापूस पांघरलेला.

मी म्हटलं, “अगं, हे घर त्यांचं. ती खोली फक्त त्या मोठ्या पोरीची.”

ती म्हणाली, “पण आजोबा, इथं सगळे मावतात ना.”

अक्का, दोन दिवस झाले, बाहुल्या तशाच आहेत. रश्मीची आई झाडताना घराखालची फळी उचलते आणि तशीच परत ठेवते. आता तू सांग, त्यांना परत घरात न्यायचं की राहू द्यायचं. तुझ्या शब्दाबाहेर मी जाणार नाही.

भिवा


मंचेरियल
४ जानेवारी २०२५

भिवा,

पत्र तीनदा वाचलं. यांनाही वाचून दाखवलं, तर हे चष्मा पुसत बसले आणि म्हणे डोळ्यात कोळसा गेला. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, कोळसा कुठून येणार?

संक्रांतीनंतरच्या गाडीचं तिकीट प्रितमनं काढलंय. आधी तुझ्याकडे दोन दिवस, मग मला भीमपूरला ने. मालनचं अक्षर अजून खाली उतरतं म्हणजे माझंच शिकवणं कच्चं राहिलं, ते सुधारायला हवं.

आणि बाहुल्यांना हात लावू नका. मायला कापसातच राहू दे. सहा वर्षं ती पहाटेची दारात उभी राहिली. आता तिला कोणी लवकर उठवू नका.

अक्का